नवा टायर घेण्याआधी जुना वाचा

२०२२ चा जून. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. बेळगावजवळच्या जांबोटीच्या अलीकडच्या एका वळणावर माझ्या दुचाकीचं मागचं चाक असं सरकलं, जणू कुणी खालून सतरंजी ओढून घेतली. वेग तिशीच्या आत होता म्हणून मागे बसलेली बायको आणि मी, दोघंही कोपर-गुडघे खरचटण्यावर सुटलो. गाडी उभी केल्यावर मी आधी टायर बघितला. नक्षी चांगली शाबूत होती. मदतीला थांबलेला टेम्पोवाला म्हणाला, "टायर तर नवाच दिसतोय की ओ सर." मलाही तसंच वाटलं होतं, आणि चूक तिथंच झाली होती.

गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने ती फार चालवली नव्हती, बरीच वर्षं अंगणात उभीच होती. घरी येऊन टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसली तेव्हा एका लंबगोल चौकटीत चार आकडे दिसले: २३१४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, जूनमध्येच, तयार झालेला. मी घसरलो त्या दिवशी त्याचं वय बरोबर आठ वर्षं होतं.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बेळगावातल्या वडगावहून रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर पडतात. शाळेतली मुलं, त्यांचे पालक, बरोबरचे शिक्षक, सगळ्यांचीच कामं दुचाकीवर चालतात. आणि टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण दुकानात जाऊन "ह्याच मापाचा एक द्या" एवढंच म्हणतात. त्याआधी दहा मिनिटं जुन्या टायरशेजारी उकिडवं बसलं, तर कुठला टायर घ्यावा आणि गाडीत आणखी काय दुरुस्त करावं, हे तोच सांगतो. ते कसं वाचायचं तेवढंच इथे लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. दुचाकीचा टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढाच. तेवढ्या तुकड्यावर गाडी वळते, थांबते, ओढते. कोरड्या डांबरावर ही पकड नक्षीमुळे मिळत नाही, रबरामुळे मिळते. मऊ रबर डांबरातल्या बारीक खाचखळग्यांत दबून बसतं आणि धरून ठेवतं. म्हणून तर शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या ट्रॅकवर अगदी गुळगुळीत टायर लावतात. नक्षीचं काम वेगळं आहे: खाली आलेलं पाणी आणि चिखल बाजूला सारून रबराला रस्त्यापर्यंत पोचू देणं. टायरची ही दोन कामं दोन वेगळ्या गोष्टी करतात आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या वेगाने संपतात. नक्षी झिजून संपते, रबर वयाने संपतं. माझ्या टायरची नक्षी जिवंत होती, रबर मेलेलं होतं.

रबर मरतं म्हणजे काय? चोर्ला घाटाच्या पलीकडे दोडामार्ग भागात रबराच्या बागा आहेत, तिथे झाडाच्या सालीला चीर देऊन पांढरा चीक गोळा करतात. हा चीक वाळवून मिळणारं नुसतं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला सापडलं की त्यात गंधक घालून तापवलं तर रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना गाठी मारल्यासारखे जोडले जातात, आणि मग ते ताणलं तरी परत मूळ आकाराला येतं. आजच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर कृत्रिम रबर, तेलं आणि मजबुतीसाठी काजळी असते. टायर काळा असतो तो या काजळीमुळे. पण हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन आपलं काम थांबवत नाहीत. गाडी उभी असली तरी आतली तेलं हळूहळू निघून जातात, रेणूंच्या गाठी वाढत जातात आणि रबर निब्बर होतं. मग ते डांबराच्या खाचांत दबत नाही, वरच्या वर घसरतं. ओल्या रस्त्यावर तर जास्तच.

हे ओळखायला अंगठ्याचं नख पुरतं. नक्षीच्या ठोकळ्यावर नख दाबा. चांगलं रबर थोडं आत जातं आणि परत येतं. निब्बर रबरावर नख नुसतं सरकतं. शंका असेल तर दुकानातल्या नव्या टायरवर तोच प्रयोग करा, फरक लगेच कळेल. मग नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा आहेत का बघा. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षं झाल्यावर नक्षी कितीही असली तरी काढून टाकावा. आपल्याकडे गाडी वर्षभर उन्हात उभी असते आणि जून ते सप्टेंबर भिजते, म्हणून मी सहाव्या वर्षापुढे थांबत नाही.

आता झीज. नक्षीच्या खोल खाचेत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. त्यांची जागा सापडत नसेल तर टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (TWI) ही अक्षरं शोधा, त्या रेषेत वर उंचवटा असतो. ठोकळे झिजून उंचवट्याच्या पातळीला आले की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. पण ०.८ ही कायद्याची हद्द आहे. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीच्या पावसाला तेवढी खाच कशी पुरणार? मी मे महिन्याच्या शेवटी शाळेच्या व्हर्निअर कॅलिपरने खोली मोजतो आणि मध्यावर दोन मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाआधीच टायर बदलतो. उन्हाळ्यात तोच टायर आणखी हजार-दोन हजार किलोमीटर चालला असता हे मला मान्य आहे. तरीही बदलतो.

किती झिजला यापेक्षा कसा झिजला हे बघण्यात जास्त माहिती आहे. मागून गाडीकडे बघा. टायरचा माथा गोल असायला हवा. तो मध्ये चपटा होऊन दोन्ही बाजूंना धार आल्यासारखी दिसत असेल, तर गाडी बहुतेक सरळ रस्त्यावर चालते. निपाणी–बेळगाव हायवेवर रोज ये-जा करणाऱ्यांच्या गाड्या बघा, दहातल्या सात अशाच असतात. यात चूक काही नाही, पण परिणाम आहे. सरळ चालताना गाडी ठीक वाटते, वळणावर तिरकी केली की त्या धारेवरून एकदम पलीकडे पडल्यासारखी होते. हायवेवर चपटा झालेला टायर घेऊन रविवारी चोर्ला किंवा आंबोली घाटात गेलात तर ही गोष्ट पहिल्याच तीव्र वळणाला कळते. हवा गरजेपेक्षा जास्त असली तरी असाच मध्यावर झिजतो, कारण फुगलेला टायर मध्यावरच टेकतो.

उलट दोन्ही खांदे झिजले आणि मध्यावर नक्षी उरली, तर बहुधा हवा कमी ठेवून गाडी चालवलेली असते. एकाच जागी टिकलीसारखा घासलेला पट्टा असेल, तर कधीतरी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक जाम झालेलं आहे. आपल्याकडे ही सवय फार आहे. पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते या भीतीने माणसं सगळं मागच्या, पायाने दाबायच्या ब्रेकवर सोडतात. ब्रेक लावताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक लगेच घसटतं. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवत लावला तर टायरही वाचतो आणि गाडी कमी अंतरात थांबते.

एका बाजूलाच जास्त झीज दिसली तर दुकानात जाण्याआधी चेन बघा. चेन ताणताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या लागतात. घाईत एक बाजू जास्त ओढली गेली की मागचं चाक किंचित तिरकं चालतं आणि टायर एका अंगाने घासत जातो. अशा गाडीला नवा टायर घातला तर तोही तसाच जाणार.

पुढच्या टायरवर डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतो. गाडी स्टँडवर घेऊन चाक हळू फिरवा आणि तळहात टायरवर ठेवा. लाटांवरून हात गेल्यासारखं वाटलं, ठोकळ्यांचे एक टोक उंच, एक खोल असं लागलं, तर हवा कमी असते, पुढच्या शॉकअपमधलं तेल गेलेलं असतं किंवा हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला झालेला असतो. चालताना पुढून येणारा घुंघुं आवाज हा बऱ्याचदा याचाच असतो. आधी शॉकअप आणि कोनसेट बघून घ्यावा, मग टायर.

हवेबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण टायर मारण्याचं काम कुठल्याही खिळ्यापेक्षा कमी हवा जास्त करते. गाडीचं वजन टायरचं रबर उचलत नाही, आतली दाबलेली हवा उचलते. हवा कमी झाली की ते ओझं भिंतीवर येतं. भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, उलगडते. एखादी तार सारखी वाकवली की हाताला गरम लागते, तसंच रबर आतून तापतं, आणि तापलेलं रबर लवकर झिजतं, थर सुटू लागतात. शिवाय मायलेज घटतं. तरीही आपण हवा बघतो ती पंक्चर काढायला गेल्यावर, आणि तीही अंगठ्याने दाबून.

योग्य दाब किती हे चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. एकट्यासाठी एक आकडा, डबलसीटसाठी मागच्या चाकाला वेगळा, मोठा आकडा. दाब टायर थंड असताना मोजायचा. वीस किलोमीटर चालून आल्यावर आतली हवा तापते आणि काटा दोन-तीन आकडे जास्त दाखवतो. त्या वेळी "हवा जास्त झाली" म्हणून सोडली की थंड झाल्यावर ती कमी भरते. म्हणून माझं काम सकाळी, घरापासून जवळच्या पंपावर. पंधरा दिवसांतून एकदा. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा पंक्चरवाला अण्णा प्रत्येक वेळी विचारतो, "सर, आज एकटे का डबल?" असा प्रश्न विचारणारा माणूस सापडला तर त्याला सोडू नका.

ओझ्याचा हिशेब एका उदाहरणाने सांगतो. आमच्या वाटेवरच्या गावांतून पहाटे दूधवाले बेळगावात येतात. गाडीला दोन्ही बाजूंनी चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. दूध आणि कॅन धरून साधारण ९५ किलो. गाडी ११२ किलोची, माणूस ७० किलोचा. गाडीचं जवळपास अर्धं वजन मागच्या चाकावर असतं, बसलेल्या माणसाचं अर्ध्याहून जास्त, आणि कॅन मागे लटकलेले असल्याने त्यांचं जवळजवळ सगळं. बेरीज १९० ते १९५ किलोच्या घरात जाते. आता अशा गाडीच्या मागच्या टायरवर ८०/१००-१८ च्या पुढे ५४पी असं लिहिलेलं असतं, त्यातला ५४ म्हणजे पूर्ण दाबाला २१२ किलो वजन. म्हणजे टायर पुरतो, पण हवा पूर्ण असेल तरच. पाच-सहा आकडे कमी हवेवर हेच ओझं घेतलं तर टायर रोज त्याच्या ताकदीबाहेर चालतो. आणि स्वस्त मिळाला म्हणून ४७ आकड्याचा, म्हणजे १७५ किलोचा, पुढच्या चाकाचा टायर मागे घातला, तर पूर्ण हवेलाही तो पुरत नाही. माप तेच, नक्षी जवळपास तशीच, दिसायला काही फरक नाही. फरक त्या दोन आकड्यांत आहे.

बाकीचे आकडे सोपे आहेत. ८० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, इथे तीही ८० मिलिमीटर. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. शेवटचं अक्षर वेगाचं: जे ताशी १०० किलोमीटर, एल १२०, पी १५०, एस १८०. जुन्या गाड्यांवर २.७५-१८ असं इंचांतलं माप दिसतं. स्कूटरवाल्यांनी एक बघावं, सगळ्या स्कूटरना पुढे-मागे सारखंच माप असेल असं नाही. ॲक्टिव्हा ६जीला पुढे बारा इंची आणि मागे दहा इंची रिम आहे.

तरुण मुलं हमखास विचारतात, "सर, मागे रुंद टायर टाकला तर ग्रीप वाढेल ना?" वाढत नाही, आणि का ते समजून घ्यायला हवं. रिमची रुंदी तीच राहते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा कंपनीने ठरवलेल्या गोलाईपेक्षा टोकदार होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग उलट अरुंद होऊ शकतो. वर चेनकव्हरला किंवा फोर्कला घासण्याचा धोका. ८०/१००-१८ ऐवजी १००/९०-१८ टाकला तर चाकाचा व्यास ६१७ वरून ६३७ मिलिमीटर होतो, म्हणजे तीन टक्क्यांनी वाढतो. शंभर सीसीच्या गाडीला चढावर हा फरक जाणवतो. गाडीच्या पुस्तकात जी मापं दिली आहेत तेवढ्यातच राहावं, हे माझं ठाम मत आहे.

नक्षी मात्र आपल्या रस्त्याप्रमाणे निवडावी. बेळगाव शहर आणि हायवे एवढंच असेल तर मध्यावर सलग रबर आणि बाजूंना तिरक्या खाचा असलेला साधा टायर बरा, तो हळू झिजतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा तांबड्या मातीचा मुलूख. पावसात ही माती डांबरावर साबणासारखी पसरते. इथे ठोकळे थोडे मोठे, खाचा रुंद आणि खोल असलेला मिश्र नक्षीचा टायर कामाला येतो. बटण टायर, म्हणजे सुट्या उंच गोट्यांचा, फक्त त्यांनी घ्यावा ज्यांची गाडी खरोखर शेतात आणि जंगलवाटेने जाते. ओल्या डांबरावर त्याचे सुटे गोटे कमी रबर टेकवतात आणि वळणावर लवलवतात. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीला कुठलीच नक्षी पुरत नाही, ती मडगार्डात भरून चाकच धरते. तिथे लोक पुढचा मडगार्ड उंच करून घेतात ते योग्यच आहे. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी हायवेवर आणलेला चिखल आणि पडलेली कांडी यांच्यावर मात्र टायर हा उपाय नाही, वेग कमी करणं हाच उपाय.

रबर मऊ घ्यायचं की कडक? मऊ रबर चांगलं धरतं आणि लवकर झिजतं, कडक रबर उलट. काही टायर मध्यावर कडक आणि खांद्यांवर मऊ रबराचे मिळतात. घाटातून रोज जाणाऱ्याने परवडत असेल तर तसा घ्यावा. माझा मागचा टायर चोवीस हजार किलोमीटर चालतो, पुढचा जवळजवळ अडतीस. मागचं चाक गाडी ढकलतं आणि जास्त वजन वाहतं, म्हणून दोन्ही बरोबर संपत नाहीत. एकच बदलायचा असेल तर पुढचा आणि मागचा एकाच प्रकारचे आहेत ना बघा. आपल्या शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना आडवे-तिडवे नायलॉनचे थर असलेला टायर येतो. मोठ्या गाड्यांना रेडियल, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेल्या थरांचा, असतो. कंपनीने स्वतः तशी जोडी दिली नसेल तर एक हा आणि एक तो असं करू नये. आऱ्यांचं चाक असेल तर बहुतेक गाड्यांना ट्यूब लागतेच, आणि नव्या टायरबरोबर ट्यूब आणि रिमटेपही (आऱ्यांची टोकं ट्यूबला लागू न देणारी पट्टी) नवी घ्यावी. अलॉय चाकाला ट्यूबलेस असेल तर त्यात ट्यूब घालून "चालतंय की" म्हणू नये. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, ट्यूबमधून एकदम जाते. चोर्ल्याच्या उतारावर हा फरक फार मोठा आहे.

दुकानात टायर हातात आल्यावर पैसे देण्याआधी आयएसआयची खूण आणि चार आकडे बघा. मला एकदा एका दुकानदाराने तीन वर्षांपूर्वीचा टायर नवीन म्हणून काढून दिला होता. आकडा दाखवल्यावर आत जाऊन दुसरा आणला, वाद घातला नाही. बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का पाहा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन उलट बाण असतात, कारण पुढच्या टायरवर मुख्य जोर ब्रेकचा येतो आणि मागच्यावर इंजिनाचा. पिवळा ठिपका असेल तर तो टायरच्या हलक्या बाजूची खूण असतो, तो व्हॉल्व्हजवळ आला की चाकाचा तोल जुळतो.

आणि नवा टायर पहिल्या दिवशी गुळगुळीत असतो. साच्यातून निघालेला त्याचा पृष्ठभाग चकचकीत असतो आणि पकड बसायला शंभर-दीडशे किलोमीटर जातात. माझा नवा टायर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी जांबोटीचा रस्ता ओला होता. मी पाऊण तासाऐवजी सव्वा तास घेतला, वळणांवर गाडी फारशी तिरकी केली नाही. तीन दिवसांनी हवा परत मोजली तर दोन आकडे उतरली होती. ट्यूब नीट बसली नव्हती, अण्णाने ती काढून पुन्हा बसवली.